चार्ज कशाचा?

माझी तक्रार एका शब्दाविषयी आहे आणि ती मी पूर्ण गांभीर्याने मांडतो आहे. शब्द आहे ‘चार्ज’. तो इंग्रजीतून आला म्हणून मला त्याचा राग नाही. टेबल, बस, तिकीट, स्टेशन यांच्याशी माझं काही भांडण नाही, कारण टेबल म्हटलं की टेबलच डोळ्यांपुढे येतं. चार्ज म्हटलं की काय समजायचं, हे मात्र तुम्ही कुठे उभे आहात यावर ठरतं. बँकेत तो जमिनीवर चढतो, कचेरीत तो साहेबांकडे असतो, पोलीस ठाण्यातून तो कोर्टात जातो, सराफाकडे तो हारावर बसतो, हॉटेलात बिलाच्या तळाशी येतो, भौतिकशास्त्राच्या तासाला धन किंवा ऋण असतो आणि घरी तो संपलेला असतो. एवढी सगळी ओझी एकाच शब्दावर लादल्यावर नेमकं काय चाललंय हे कुणाला तरी कळत नाही. ज्याला कळत नाही तो माणूस दरवेळी तोच असतो: पैसे भरणारा, सही करणारा किंवा कचेरीत खेटे घालणारा.

तालुक्याच्या गावी एका बँकेत मी माझा नंबर यायची वाट बघत बसलो होतो. माझ्या आधी सत्तरीचे एक शेतकरी होते. ठिबकसाठी कर्ज हवं होतं. समोरचा अधिकारी तरुण होता, अदबीने बोलत होता. तो म्हणाला, “काका, जमिनीवर बँकेचा चार्ज क्रिएट करावा लागेल.” काकांनी बंडीच्या खिशात हात घातला आणि विचारलं, “किती द्यायचा?” अधिकारी म्हणाला, “तो द्यायचा नसतो काका, चढवायचा असतो.” काकांनी खिशातला हात बाहेर काढला, मान डोलावली आणि दाखवली तिथे सही केली. पाचच मिनिटांनी त्याच अधिकाऱ्याने पलीकडच्या टेबलावर आवाज दिला, “बोजाची नोंद झालेला उतारा आला का रे त्या दुसऱ्या केसचा?”

म्हणजे बोजा हा शब्द त्याला ठाऊक होता. आपसात बोजा आणि काकांशी चार्ज, अशी वाटणी झालेली होती. बोजा म्हटलं असतं तर काकांनी पुढचे प्रश्न आपणहून विचारले असते. कोणत्या गटावर? किती रकमेचा? भावाच्या हिश्श्यावर येतो का? उतरतो कधी? सातबारा ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे त्याला बोजा काय असतो हे शिकवावं लागत नाही. ‘इतर अधिकार’ या रकान्यात आजोबांच्या वेळचा सोसायटीचा बोजा त्याने वाचलेला असतो, त्यापायी भावाभावांत झालेली भांडणंही पाहिलेली असतात. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम १०० आणि १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचं कलम ४८ ज्या गोष्टीबद्दल बोलतात ती हीच. गावात तिला इकरार आणि बोजा हे दोन शब्द आहेत आणि ते पुरतात.

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. कर्ज फिटलं म्हणजे बोजा आपोआप उतरला असं होत नाही. बँकेकडून किंवा सोसायटीकडून बेबाकी दाखला घ्यायचा, तो तलाठ्याकडे द्यायचा, फेरफार मंजूर करून घ्यायचा आणि मग नवा उतारा काढून रकाना कोरा झाला का ते डोळ्यांनी बघायचं. ज्याला सुरुवातीलाच ‘चार्ज’ सांगितला गेला, तो खातं बंद झालं की सगळं मिटलं असं समजून घरी जातो. वाटणीच्या वेळी, मुलीच्या लग्नाला तुकडा विकायच्या वेळी किंवा दुसऱ्या बँकेत पीककर्ज मागायच्या वेळी त्याला कळतं, की वीस हजारांचं फिटलेलं कर्ज अजून जमिनीवर बसून आहे. कंपन्यांच्या बाबतीत २०१३ च्या कंपनी कायद्याने असा बोजा ३० दिवसांत निबंधकाकडे नोंदवायला सांगितलं आहे आणि कंपन्यांकडे हे बघायला पगारी माणसं असतात. काकांकडे फक्त समोरचा अधिकारी होता.

हा शब्द मुळात ओझ्याचाच. लॅटिनमध्ये ‘कार्रुस’ म्हणजे गाडा. गाड्यावर माल लादणं यावरून जुन्या फ्रेंचमध्ये एक क्रियापद झालं आणि तिथून तो इंग्रजीत आला. जहाजाचा कार्गोही त्याच घरातला. गाड्यावर ओझं लादलं, माणसावर जबाबदारी लादली, आरोपीवर गुन्हा लादला, जमिनीवर कर्ज लादलं, गिऱ्हाइकावर खर्च लादला, असा इंग्रजीचा सगळा पसारा वाढला. मराठीने नेमकं हेच ‘भार’ या शब्दातून केलं, फक्त प्रत्येक ठिकाणी त्याला वेगळं रूप दिलं. पदभार, कार्यभार, अधिभार, कर्जाचा भार, विजेचा मंजूर भार. राज्याच्या अर्थसंकल्पातसुद्धा ‘दत्तमत’ आणि ‘भारित’ असे दोन प्रकारचे खर्च छापलेले असतात. राज्यपालांचं वेतन, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे पगार, सरकारी कर्जाचं व्याज हे भारित खर्च. त्यांवर विधानसभेत चर्चा होते, मतदान होत नाही. राज्यघटनेच्या २०२ आणि २०३ या अनुच्छेदांत ते लिहिलेलं आहे. ‘भारित’ हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मी थांबलो आणि मनातल्या मनात तो घडवणाऱ्याला नमस्कार केला. इतकी बारीक गोष्ट तीन अक्षरांत बसवणारी माणसं आपल्याकडे होऊन गेली आणि आपण ‘चार्ज’वर भागवतो, हे मला लागतं.

आता पैशाकडे येतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. माणसाच्या कामाचे पैसे सांगायला मराठीत अख्खी शब्दांची वसाहत आहे. शिवण्याची शिवणावळ, लिहिण्याची लिहिणावळ, दागिना घडवण्याची घडणावळ. खाणावळ हीसुद्धा आधी जेवणाचे पैसे होती, जागा नंतर झाली. बाजार समितीत शेतमालाच्या पट्टीवर हमाली, तोलाई, वाराई अशा वेगळ्या ओळी असतात. कांदा विकून आलेला शेतकरी ती पट्टी हातात धरून भांडू शकतो, कारण उचलणारा कोण, तोलणारा कोण आणि त्यांपैकी कुणाचे पैसे आपल्या माथी मारले हे त्याला त्या शब्दांतच दिसतं. तोच माल उद्या ‘हँडलिंग चार्ज’ लावून विकला गेला तर भांडणार कुणाशी आणि कशावरून?

सराफाच्या दुकानात हे झालंच आहे. घडणावळ गेली आणि ‘मेकिंग चार्ज’ आला. हा चार्ज कुठे ग्रॅममागे लावतात, कुठे सोन्याच्या किमतीवर शेकड्याने. शेकड्याने असेल तर सोनं महागलं की तोही वाढतो. तीच बांगडी, तोच साचा, तेवढाच वेळ, आणि पैसे मात्र जास्त. घडणावळ म्हटलं असतं तर कुणीही पटकन विचारलं असतं, “का हो, कारागिराची मजुरी वाढली का?” चार्जला असा प्रश्न सुचत नाही. तो आकाशातून पडल्यासारखा येतो आणि आपण भरतो. हॉलमार्कचं शुल्क बघा, ते नगामागे ४५ रुपये आणि वर जीएसटी असं ठरलेलं आहे. बांगडी लहान असो की मोठी, त्यात फरक नाही. दोन्ही बिलावर चार्ज म्हणूनच छापलेले असतात; एक ठरलेला आहे आणि दुसऱ्यावर घासाघीस करता येते, हे छापलेलं नसतं.

हॉटेलातला ‘सर्व्हिस चार्ज’ हा तर या शब्दाच्या सरकारी थाटावरच जगला. कित्येक वर्षं लोक त्याला सेवाकर समजून भरत आले. सेवाकर सरकारचा होता आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर तो गेला. सर्व्हिस चार्ज कधीच सरकारचा नव्हता. ती हॉटेलवाल्याने स्वतःच बिलात मिळवलेली बक्षिसी होती. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या, की तो आपोआप बिलात लावायचा नाही, दुसऱ्या नावानेही लावायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना न्यायालयात गेल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना उचलून धरल्या. बिलावर पहिल्या दिवसापासून ‘बक्षिसी’ छापलं असतं तर गिऱ्हाइकाने स्वतःच ठरवलं असतं, द्यायची की नाही आणि किती. जेवण वाढणाऱ्या पोराला पैसे द्यायला मराठी माणूस नाही म्हणत नाही. त्याच्या नावावर दुसऱ्याने घेतले तर म्हणतो, आणि म्हणायलाच हवं.

मुंबई-पुण्यात सदनिका भाड्याने देणाऱ्यांना ‘नॉन-ऑक्युपन्सी चार्ज’ ठाऊक असेल. उपविधींच्या मराठीत त्याला बिनभोगवटा शुल्क म्हणतात. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार हे शुल्क संस्थेच्या सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही आणि त्यात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. पण महिन्याचं अख्खं बिलच ‘मेंटेनन्स चार्ज’ या एका नावाने येत असलं, की सेवा शुल्क किती आणि कर किती हे सभासदाला कळत नाही. मग दहा टक्के कशाचे, यावर वार्षिक सभेत दोन तास जातात. माणसं एकमेकांशी बोलेनाशी होतात. बिलावर ओळी वेगळ्या असत्या तर हा प्रश्न चहा यायच्या आत सुटला असता.

बँकांच्या बाबतीत एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: तिथे एकदा हाच शब्द आणून लोकांचं भलं झालं. हप्ता चुकला की बँका ‘दंडव्याज’ लावत. ते मुदलात मिसळायचं आणि पुढे त्यावरही व्याज चढायचं. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने सांगितलं, की हे दंडव्याज बंद. हप्ता चुकल्याचा दंड घ्यायचा तर शुल्क म्हणून घ्या आणि तो मुदलात मिसळू नका. इंग्रजीत ते शुल्क चार्जच झालं. १ एप्रिल २०२४ पासून नव्या कर्जांना ते लागू झालं. तेव्हा मी सरसकट या शब्दावर बंदी घाला असं म्हणत नाही. व्याज काय आणि दंड काय हा फरक तिथे कुणीतरी शब्दाशब्दाने लावून धरला आणि कर्जदाराचे पैसे वाचले. मला हवा आहे तो हाच फरक, सगळीकडे.

पोलीस आणि कोर्टाच्या बाबतीत पैशाऐवजी माणसाची अब्रू पणाला लागते. तपास संपल्यावर पोलीस न्यायालयात जो अहवाल देतात त्याला सगळे ‘चार्जशीट’ म्हणतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ मध्ये त्याची तरतूद आहे. तो पोलिसांचा निष्कर्ष असतो. त्यानंतर न्यायालय कागद बघतं आणि दम दिसला तर आरोप निश्चित करतं. यालाही वकील ‘चार्ज’ म्हणतात. कागदात दम दिसला नाही तर न्यायालय खटला न चालवताच आरोपीला सोडून देतं, आणि त्याचं नाव ‘डिस्चार्ज’. पूर्ण खटला चालून निर्दोष सुटणं ही आणखी वेगळी गोष्ट. या चार अवस्था आहेत आणि बातमीत त्या एकमेकींत मिसळून जातात. चार्जशीट झाली म्हणजे कोर्टाने गुन्हेगार ठरवलं, असं गल्ली समजून चालते. आरोपपत्र दाखल झालं, आरोप निश्चित झाले, आरोपमुक्त केलं, निर्दोष मुक्तता झाली: हे चारही शब्दप्रयोग मराठी वर्तमानपत्रांत पूर्वीपासून आहेत. ते नीट वापरायला एक ओळही जास्त लागत नाही.

सरकारी नोकराच्या घरी हाच घोळ आणखी त्रास देतो. १९७९ च्या शिस्त व अपील नियमांखाली विभागीय चौकशी लागली की कर्मचाऱ्याला दोषारोपपत्र मिळतं. कार्यालयात म्हणतात, “त्यांना चार्जशीट मिळाली.” एका ओळखीच्या कुटुंबात मुलीचं लग्न ठरत आलं होतं. वडिलांना रजेच्या नोंदींवरून असं दोषारोपपत्र मिळालेलं. मुलाकडच्यांच्या कानावर ‘चार्जशीट’ गेली आणि त्यांनी पोलीस केस समजून बोलणी थांबवली. पुढे खुलासा झाला, पण मधले दोन महिने त्या घराने कसे काढले ते मी पाहिलं आहे.

लाठीचार्जबद्दलही बोलायला हवं. मराठीत त्याला लाठीमार म्हणतात आणि तोच शब्द खरा आहे, कारण त्यात मार आहे. कुणीतरी मारलं आणि कुणीतरी खाल्लं, हे वाचणाऱ्याला कळतं. लाठीचार्जमध्ये लाठी दिसते, मार दिसत नाही.

कचेऱ्यांमध्ये ‘चार्ज’ म्हणजे पद. साहेबांची बदली झाली, नव्यांनी चार्ज घेतला नाही, जुन्यांनी सोडला, तिसऱ्यांकडे ‘अडिशनल चार्ज’ आहे आणि ते आठवड्यातून दोन दिवस येतात. खिडकीपलीकडून “साहेबांकडे चार्ज नाही” असं सांगितलं, की अलीकडचा माणूस निमूट परत जातो. त्याला वाटतं, काहीतरी तांत्रिक अडचण असणार. ‘हे काम सध्या कुणाकडे आहे ते ठरलेलं नाही’ असं सरळ सांगितलं तर तो परत जाणार नाही, वरच्या साहेबांचं दार ठोठावेल. बदल्या आणि दिरंगाई यांचा महाराष्ट्रातला कायदा एकच आहे, २००५ चा. त्याच्या कलम १० नुसार कोणतीही फाईल एका टेबलावर सर्वसाधारणपणे कामाच्या सात दिवसांहून जास्त राहता कामा नये. २०१५ च्या सेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांना मुदती घातल्या आहेत. या दोन्ही कायद्यांची मुदत चार्ज कुणाकडे आहे म्हणून थांबत नाही.

शास्त्राशी माझं भांडण नाही. तिथे चार्ज म्हणजे विद्युतप्रभार. तो कुलोंबमध्ये मोजतात आणि आठवीच्या पुस्तकात धनप्रभारित, ऋणप्रभारित असे स्वच्छ शब्द आहेत. प्रभार हा शब्द शाळेतल्या प्रभारी मुख्याध्यापकांशी वाटून घ्यावा लागतो, पण त्यातून कुणाचं नुकसान झाल्याचं मी ऐकलेलं नाही. अडचण घरी येते. ‘फोन चार्ज झाला’ हे लहानपणापासून ऐकलेली मुलं बॅटरीत प्रभार भरला जातो असं समजतात. तसं होत नाही. ५००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण भरताना तिच्यातून १८ हजार कुलोंब प्रभार वाहतो, पण जेवढा एका टोकाने आत जातो तेवढाच दुसऱ्या टोकाने बाहेर पडतो. बॅटरीत साठते ती ऊर्जा. एवढं सांगायला शिक्षकांना निम्मा तास जातो आणि तो निम्मा तास या शब्दाने खाल्लेला असतो.

लोकांना मराठी शब्द पेलत नाहीत, ते पुस्तकी वाटतात, असं मला वारंवार ऐकवलं जातं. ते खरं नाही. पावसाळ्यात राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक विसर्ग सुरू होतो आणि पंचगंगेकाठचं एकूण एक गाव त्या आकड्यावर जनावरं हलवायची की नाही हे ठरवतं. ‘विसर्ग’ हा ‘डिस्चार्ज’ला दिलेला संस्कृत वळणाचा शब्द आहे. शाळेत न गेलेल्या माणसालाही तो कळतो, कारण त्याच्याशी त्याच्या जिवाचा संबंध आहे. विहीर पुनर्भरण म्हटल्यावर विदर्भ-मराठवाड्यात कुणी डोकं खाजवत नाही. महावितरणच्या बिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क अशा ओळी मराठीत छापलेल्या असतात. आकार हा शब्द जमीन महसुलातून आलेला, शेतकऱ्याच्या ओळखीचा. घरगुती ग्राहकाला वीज शुल्क १६ टक्के लागतं आणि ते सरकारकडे जातं, बाकीचे आकार वीज कंपनीचे. बिल वाचलं की हे कळतं. शब्द तयार आहेत, छापलेलेही आहेत, आणि आपण ते बिल हातात धरून म्हणतो, “यंदा चार्जेस फार लावलेत.”

रुग्णालयाच्या बिलावर ‘अदर चार्जेस’ ही ओळ तर मला सहनच होत नाही. ज्याचा माणूस आत आहे त्याला वाद घालायचं त्राण नसतं. महाराष्ट्रात २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्क सनद आणि ठरावीक सेवांचे दर दर्शनी भागात लावायचे आहेत. तो फलक शोधा, तिथे ‘इतर’ नावाची सेवा आहे का बघा आणि नसेल तर बिल फोडून मागा. बिल तपशीलवार मागणं हा उद्धटपणा नाही.

तेव्हा वाचकांना माझं सांगणं आहे, की चार्ज ऐकला किंवा छापलेला दिसला की तिथेच थांबा आणि विचारा: कशाचा, कुणाला जातो, आणि कुठल्या नियमाने? बँकेत विचारा की बोजा म्हणताय की शुल्क. सराफाला विचारा की घडणावळ ग्रॅममागे आहे की शेकड्याने. कर्ज फेडलेलं असेल तर या महिन्यात नवा सातबारा काढून ‘इतर अधिकार’चा रकाना बघून घ्या. आणि हॉटेलच्या बिलात तुम्हाला न विचारता सर्व्हिस चार्ज मिळवला असेल तर तो काढायला सांगा. नाही काढला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.